मिरजेला जायचं तर आधी सिनेट

चार मराठी माणसं एका खोलीत बसवली आणि त्यांच्यासमोर परीक्षा ठेवली, की किस्से आपोआप साचायला लागतात. फ्रीजमध्ये उरलेल्या भाज्यांचे डबे साचतात ना, तसे. आणि एक दिवस डबे उघडून बघावेत, तर काही अजूनही झकास लागतात आणि काहींचं नुसतं झाकण उघडलं तरी डोळ्यांत पाणी येतं!

आमचा शनिवारचा वर्ग म्हणजे असाच एक फ्रीज. अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागते. घटना म्हणजे काय, सरकारच्या शाखा किती, सिनेटर किती, असे शंभराच्या वर प्रश्न, उत्तरांसकट, आधीच जाहीर केलेले असतात. त्यातले थोडेसे अधिकारी विचारतो. म्हणजे सरकारनेच फोडलेला पेपर! तरी माणसं घाबरतात.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मला म्हणालं, "प्राजक्ता, तू नुकतीच सिटिझन झालीस ना? मग आमच्या आईबाबांची तयारी करून घे की!" मी मोदक खात होते, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. मला वाटलं, दोन-तीन शनिवारांचं काम असेल. त्याला आता काही वर्षं झाली.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत मागच्या बाजूला एक छोटी खोली मिळते, तिथे आम्ही बसतो. मी आठवडाभर एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधते. नवऱ्याच्या मते मी घरीही तेच करते. शनिवारी मात्र माझ्याच चुका काढणारे समोर बसलेले असतात.

* * *

पहिले देशमुखकाका. वाशीमकडचे, रिटायर्ड तहसीलदार. मुलगा रोज ट्रेनने शिकागोला जातो, सून घरून काम करते, आणि काका दिवसभर खिडकीतून बर्फ बघतात.

वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मफलर काढून घडी केली, टेबलावर पेन आडवं ठेवलं आणि मला विचारलं, "मास्तरीणबाई, बाकी सगळं ठीक आहे. पण शेवटची सही कोणाची?"

मी सांगितलं, कायदा काँग्रेस करते, म्हणजे सिनेट आणि हाउस अशी दोन्ही सभागृहं मिळून. मग तो राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जातो. त्यांना पटला नाही तर ते आपलं म्हणणं लिहून तो परत पाठवतात, त्याला व्हेटो म्हणतात.

"म्हणजे शेरा मारून फाईल परत."

"हो. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा पास केला, तर सहीशिवायही कायदा होतो."

"म्हणजे वरून दबाव. पुढे?"

"कधी कधी ते सहीही करत नाहीत आणि परतही पाठवत नाहीत. नुसता ठेवून देतात. दहा दिवसांत काँग्रेसचं अधिवेशन संपलं, तर तो कायदा आपोआप बारगळतो."

काका पुढे झुकले. "नुसता टेबलावर ठेवून द्यायचा?"

"हो."

"आणि हे घटनेत लिहिलेलं आहे?"

"हो काका. त्याला पॉकेट व्हेटो म्हणतात."

काका खुर्चीला टेकले. "अरे बाप्पा! मी आयुष्यभर हेच केलं, अन् मला मेमो मिळायचे!"

त्या दिवसापासून अमेरिकेची घटना त्यांना घरची वाटायला लागली. पण एकदा पार्किंगमध्ये बर्फातून जपून चालताना ते म्हणाले, "यांचं सरकार चांगलं आहे हो. पण सगळं ऑनलाइन. आमच्या ऑफिसात शिरलं की जुन्या कागदांचा, चहाचा, पावसात भिजून आलेल्या माणसांचा वास यायचा. इकडे सरकारला वासच नाही!"

* * *

जोशीकाका आणि जोशीकाकू पुण्याचे. मुलाकडे येऊन त्यांना बरीच वर्षं झाली. ग्रीन कार्ड कधीचंच आहे, पण सिटिझन व्हायचं की नाही यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. ते ज्या दिवशी झालं, त्या दिवशी दोघंही घाबरून माझ्याकडे आली.

मी शिकवत होते, की कोणते अधिकार केंद्राचे आणि कोणते राज्यांचे. नोटा छापणं, सैन्य ठेवणं, युद्ध पुकारणं, दुसऱ्या देशांशी करार करणं हे केंद्राचं. शाळा, पोलीस, ड्रायव्हिंग लायसन्स हे राज्यांचं.

जोशीकाकूंनी हात वर केला. "आणि फोडणी?"

झालं होतं असं, की त्यांच्या मुलाने नवीन घर घेतलं होतं. मोठं, चकाचक, आणि खोलीखोलीत धुराचा अलार्म. काकूंनी पहिल्याच आठवड्यात कढीला हिंग-मिरचीची फोडणी दिली. अलार्म असा काही कोकलला, की थोड्या वेळात दारात लाल बंब! भलेमोठे बूट घातलेले तीन धिप्पाड पुरुष स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी चहूकडे शोधून शेवटी कढी पकडली.

सून शांत स्वभावाची. ती एवढंच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी फोडणीच्या आधी मला जस्ट टेक्स्ट करा." मुलाने मात्र एक शेगडी गॅरेजमध्ये हलवली. तेव्हापासून काकू जानेवारीच्या थंडीत जाकीट, टोपी, हातमोजे घालून, गाडीशेजारी उभ्या राहून लसूण परततात.

जोशीकाकांनी निकाल दिला. "सोपं आहे. फोडणी राज्यांकडे, धूर केंद्राकडे!"

आम्ही सगळे हसलो. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "पुण्याला फोडणी दिली की समोरच्या ब्लॉकमधली सुधा दारात यायची. काय गं, आमटी का आज? इकडे फोडणी दिली की फायर ब्रिगेड येते. चला, कुणीतरी येतं!"

* * *

घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांना बिल ऑफ राइट्स म्हणतात. भाषणाचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, सभा घ्यायचं स्वातंत्र्य हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तिसरी दुरुस्ती कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगितली. घरमालकाच्या संमतीशिवाय सरकार त्याच्या घरात सैनिक आणून ठेवू शकत नाही, निदान शांततेच्या काळात तरी.

जोशीकाकांना खरंच कुतूहल वाटलं. "म्हणजे पूर्वी लोकांच्या घरात परकी माणसं आणून ठेवायचे?"

"हो. इंग्रजांच्या काळात लोकांची तक्रार होती तशी."

"त्यांना जागा द्यायची, जेवायला घालायचं, त्यांच्या वेळा सांभाळायच्या, आणि घरमालकाने ब्र काढायचा नाही?"

"तसंच काहीसं."

जोशीकाकांनी चष्मा पुसला. त्यांची खोली मुलाच्या घरात बेसमेंटला आहे. "सुनेला ही दुरुस्ती सांगू नका हं!"

काकू लगेच म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं! तिने स्वतः बोलावलंय आपल्याला."

"बोलावलं तर आहेच. किती दिवसांसाठी, तेवढं विचारायचं राहून गेलं."

मी पुढचा प्रश्न घेतला.

* * *

आता सुमनकाकू. खरं तर हा सगळा वर्ग माझ्या मनात त्यांच्याच नावाने आहे.

सुमनकाकू मिरजेच्या. नवरा गेल्यावर मुलगा निखिल त्यांना इकडे घेऊन आला. नातवंडांवर जीव, सुनेशी बरं, तक्रार काहीच नाही. पण मिरजेला त्यांची थोरली बहीण, ताई, एकटीच असते. ताईने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि आईमागे सुमनला वाढवलं.

इतर लोक सिटिझन होतात ते इथे राहायला. सुमनकाकूंना सिटिझन व्हायचं होतं ते इथून जायला! कारण ग्रीन कार्डवाल्याने फार काळ देशाबाहेर राहायचं नसतं. राहिलं तर परतीच्या वाटेवर विमानतळावर प्रश्न विचारतात, कार्डही जाऊ शकतं. सिटिझनला तसलं बंधन नाही. त्यामुळे मिरजेला ताईजवळ मनासारखं राहायचं आणि वाटेल तेव्हा नातवंडांकडे परत यायचं, तर आधी अमेरिकन होणं भाग होतं.

आणि घाई होती. ताईला विसरायला व्हायला लागलं होतं. दूध गॅसवर विसरायचं, औषध घेतलं का ते विसरायचं. काकू मला म्हणाल्या होत्या, "अजून मला ओळखती बघ. तोवर पोचलं पाहिजे गं मला."

"मग मधे एकदा जाऊन या की," मी म्हटलं.

"निखिल म्हणतो, आता अर्ज केलाय. आपण तिकडे आणि इंटरव्ह्यूची तारीख इकडे आली तर? पुन्हा सगळं लांबणार. एकदा परीक्षा होऊ दे, मग सुटलीसच, म्हणतो."

निखिलचं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. वर्गातल्या सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या.

* * *

वर्ग सुटला की सुमनकाकू लायब्ररीच्या दारातल्या बाकावर बसून ताईला व्हिडिओ कॉल लावायच्या. तिकडे रात्रीची जेवणं झालेली असायची. ताई अभ्यास घ्यायची! चष्मा नाकावर, केस घट्ट बांधलेले, आणि फोन इतका जवळ धरलेला की फक्त कपाळ दिसायचं.

तिला ही राज्यपद्धती अजिबात पसंत नव्हती.

"सुमे, यांचा पंतप्रधान कुठाय?"

"नसतो गं ताई यांच्यात."

"मग संसदेत उभं राहून उत्तरं कोण देतो?"

"कोणीच देत नाही. राष्ट्राध्यक्ष संसदेत बसतच नाही. तो वेगळा, संसद वेगळी, कोर्ट वेगळं. तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं."

"म्हणजे एका घरात राहायचं नाही, आणि लक्ष मात्र ठेवायचं?"

"होय की."

कपाळ जरा मागे गेलं आणि ताईचा सगळा चेहरा दिसला. "म्हणजे तुझ्यामाझ्यासारखंच की गं!"

* * *

जोशीकाकूंच्या इंटरव्ह्यूचा किस्सा तर सांगायलाच हवा. वय जास्त असेल आणि ग्रीन कार्डालाही पुष्कळ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीतून सूट मिळते. प्रश्न आपल्या भाषेत विचारतात, फक्त दुभाष्या आपण न्यायचा. जोशीकाकूंनी अमेय नावाच्या ओळखीच्या मुलाला नेलं. अमेय सदाशिव पेठेतला, नाटकात काम करणारा, उच्चार असे की ऐकत राहावं.

ऑफिसरने विचारलं, "व्हॉट आर द टू पार्ट्स ऑफ द यू. एस. काँग्रेस?"

अमेयने काकूंकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "संयुक्त संस्थानांच्या विधिमंडळाची दोन सदनं कोणती?"

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

ऑफिसरने सौजन्याने दुसरा प्रश्न घेतला. ज्युडिशिअल ब्रँच काय करते?

अमेय म्हणाला, "न्यायसंस्थेचं कार्यक्षेत्र विशद करा."

काकूंना घाम फुटला. त्यांनी त्याच्या बाहीला धरून खाली ओढलं. "अरे बाळा, इंग्लिशमध्ये सांग ना! मला मराठीत कुठं येतंय हे!"

ऑफिसरला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळलं. पुढे अमेयने निमूटपणे "सिनेट", "ज्युडिशिअल", "व्हेटो" असंच मराठी बोलायला सुरुवात केली आणि काकू धडाधड पास झाल्या.

काकू पास झाल्याच्या पार्टीत जोशीकाका सगळ्यांना सांगत होते, "पुण्याची बाई, शिकागोत, मराठीत नापास होता होता वाचली!"

मी खूप हसले. घरी जाताना मात्र गाडीत मनातल्या मनात "विधिमंडळ", "सदन", "विशद करा" म्हणून बघितलं. शाळेनंतर हे शब्द माझ्या तोंडात आलेच नव्हते. बरं वाटलं म्हणून पुन्हा म्हटले.

* * *

देशमुखकाका सगळ्यात आधी सिटिझन झाले, पण वर्गाला यायचं काही थांबले नाहीत. म्हणायचे, "घरी बसून करू काय?" आणि एक दिवस त्यांना ज्युरी ड्यूटीचं बोलावणं आलं.

इथे खटल्याचा निकाल बरेचदा साधी माणसं देतात. कोर्ट गावातल्या नागरिकांना बोलावतं, त्यातून ज्युरी निवडतात. तरुण लोक हे बोलावणं आलं की कपाळाला हात लावतात आणि काहीतरी सबब शोधतात. देशमुखकाकांनी सूट इस्त्रीला दिला!

सूनबाईंनी डबा दिला, मुलगा रजा टाकून सोडायला गेला. आम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो आला. टाय, पांढरे केस नीट विंचरलेले, मागे कोर्टाची पायरी. खाली लिहिलं होतं, "ऑन ड्यूटी."

आत गेल्यावर वकील एकेकाला प्रश्न विचारतात. एका वकिलाने विचारलं, "सर, कॅन यू बी फेअर अँड इम्पार्शियल?"

काका उभे राहिले. "आय वॉज अ मॅजिस्ट्रेट इन इंडिया, सर. होल लाइफ आय डिड दॅट ओन्ली. अँड आय कॅन टेल यू, लुकिंग अॅट द फेस, हू इज लायिंग!"

दोन्ही वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशीच्या पूर्ण खटल्यात त्या दोघांचं एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालं असणार. काकांना नम्रपणे थँक यू म्हणून घरी पाठवलं.

पुढच्या शनिवारी आम्ही त्यांची थट्टा करायच्या तयारीत होतो. काका आले, मफलरची घडी केली, आणि म्हणाले, "घेतलं नाही तर नाही घेतलं. पण इतक्या वर्षांत कोणीतरी विचारलं हो, की देशमुख, तुमचं मत काय!"

डबा मात्र त्यांनी कोर्टाच्या बागेत बसून पूर्ण खाल्ला होता. सूनबाईंना तेवढंच सांगितलं, की काम उशिरापर्यंत चाललं.

* * *

सुमनकाकूंच्या इंटरव्ह्यूची तारीख यायला फार वेळ लागला. त्या काळात ताईचे फोन बदलत गेले. आधी ती तोच प्रश्न दोनदा विचारायची, आणि काकू दोनदा उत्तर द्यायच्या. मग उत्तर बरोबर की चूक हे तिला सांगता येईना. मग एका शनिवारी ताई नुसतीच फोनकडे बघत बसली, आणि तिला सांभाळणाऱ्या बाईने सांगितलं, "आज जरा दमल्यात." काकूंनी तरी एकटीनेच प्रश्न म्हटले, एकटीनेच उत्तरं दिली आणि फोन ठेवला. मला म्हणाल्या, "मला वाटतं ऐकत होती."

शेवटी तारीख आली. आम्ही काकूंना एक गोष्ट बजावली होती. ऑफिसरने विचारलं सिटिझन का व्हायचंय, तर मिरजेचं नाव काढायचं नाही! "टू व्होट" म्हणायचं. आणि काकू तसंच म्हणाल्या. वाक्य वाचून दाखवलं, लिहून दाखवलं, सगळे प्रश्न बरोबर आले. ऑफिसर बाई होती, साधारण माझ्या वयाची. ती म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, यू पास्ड. डू यू हॅव एनी क्वेश्चन्स फॉर मी?"

हे आम्ही शिकवलं नव्हतं. तिनेच प्रश्न विचारायला सांगितलं म्हटल्यावर काकूंच्या तोंडून निघून गेलं. "माय सिस्टर इज इन इंडिया. हाउ मेनी डेज आय कॅन स्टे?"

बाई म्हणाली, "वन्स यू टेक द ओथ? अॅज लाँग अॅज यू वाँट, मॅम."

काकू तिथेच रडायला लागल्या. त्या बाईने टिशूचा डबा पुढे केला आणि, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, स्वतःसाठीही एक काढला.

* * *

शपथविधी मोठ्या हॉलमध्ये होतो. माझ्या शपथेच्या वेळी तिथे एकेका देशाचं नाव पुकारत होते आणि त्या त्या देशाची माणसं उभी राहत होती. "इंडिया" पुकारल्यावर मी उभी राहिले, तेव्हा मला नाशिकच्या शाळेतली हजेरी आठवली होती. मग सगळ्यांनी हात वर करून शपथ घ्यायची. त्यात एक वाक्य असं आहे, की आजवर ज्या परक्या देशाशी मी निष्ठा ठेवली, ती मी पूर्णपणे सोडते आहे. त्यातला तो परका देश म्हणजे आपला!

सुमनकाकूंच्या शपथेनंतर आम्ही सगळे जोशांकडे चहाला जमलो. बोलता बोलता विषय त्याच वाक्यावर आला.

देशमुखकाका म्हणाले, "खरं सांगू? मी सगळी शपथ मोठ्याने घेतली. त्या वाक्याला मात्र नुसते ओठ हलवले."

जोशीकाका म्हणाले, "मला नेमका तेव्हा खोकला आला."

जोशीकाकू म्हणाल्या, "खोटं! तुम्ही रडत होतात."

मी काही सांगितलं नाही. तेव्हा मला काय झालं होतं ते अजून नीट सांगता येत नाही. आपला देश सोडला असं वाटलं नव्हतं, पण कुणीतरी मला विचारत होतं आणि मी हो म्हणत होते, याचं फार वाईट वाटलं होतं.

मग सगळे सुमनकाकूंकडे बघायला लागले. काकूंनी बशीत चहा ओतला. "मी तर सगळ्यात मोठ्याने म्हटलं ते वाक्य. बाजूचा माणूस बघत होता माझ्याकडे."

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. पण मला लवकर घरी जायचं होतं."

* * *

तरी लवकर काही झालं नाही. शपथेनंतर अमेरिकेचा पासपोर्ट काढायचा, मग भारताचा पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, मग भारतात हवं तितकं राहता यावं म्हणून ओसीआय कार्ड काढायचं. देशमुखकाका प्रत्येक शनिवारी विचारायचे, "आता कोणाच्या टेबलावर आहे?" आणि या वेळी त्यांच्या आवाजात अजिबात गंमत नसायची.

बर्फ वितळलं, ट्युलिप येऊन गेले, आणि काकू निघाल्या. परतीचं तिकीट काढलंच नव्हतं. विमानतळावर निखिल विचारत होता, "आई, पण साधारण कधी येशील?" काकू नातीचा पापा घेत होत्या. नात म्हणाली, "आजी, कम बॅक फॉर माय बर्थडे, ओके?" काकू म्हणाल्या, "ओके."

त्यानंतरच्या शनिवारी वर्ग भरला, पण शिकायला कुणी नव्हतं. सगळेच पास झालेले. तरी देशमुखकाका आले, जोशीकाका-काकू आले. लायब्ररीत खायला परवानगी नाही, म्हणून काकूंनी चिवडा टेबलाखालून फिरवला. मग मी फोन टेबलावर उभा ठेवला आणि मिरजेला कॉल लावला.

तिकडे रात्र होती, सुमनकाकू अंगणातल्या दिव्याखाली बसल्या होत्या. मागे दोरीवर लुगडं वाळत होतं. चेहरा उतरलेला नव्हता, खूश आहेत असंही म्हणता येत नव्हतं.

"भेटल्या का ताई?" जोशीकाकूंनी विचारलं.

"भेटली की."

"ओळखलं?"

सुमनकाकूंनी पदराने तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या.

"दारातनं आत गेले तर ताई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. मला म्हणाली, या, बसा. मला 'बसा' म्हणाली बघ. मग त्या बाईला म्हणाली, पाहुण्यांना पाणी दे. मी पाणी प्याले. म्हटलं, मी अमेरिकेहून आले. तशी एकदम खुलली. म्हणाली, अगोबाई, अमेरिकेहून? माझी धाकटी बहीण असती तिकडं. सुमन नाव. तिची परीक्षा आहे म्हणून यायची राहिलीय. तुम्हाला कुठं भेटली तर माझा निरोप सांगाल का? म्हणावं, झाला तेवढा अभ्यास पुरे. नापास झालीस तरी चालेल, ताई काही बोलणार नाही. पण ये म्हणावं."

देशमुखकाकांनी फोनकडे वाकून विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, सांगते."